येरमाळ्याची बिनपानाची आमरी

येरमाळ्याला परगावचा माणूस उतरतो तो येडेश्वरीच्या दर्शनाला. मी एस.टी.तून उतरलो, टेकडीवरच्या कळसाला खालूनच हात जोडले आणि शाळेतल्या स्वामी मास्तरांचं घर विचारू लागलो, तेव्हा बसमधली माणसं खिडक्यांतून माझ्याकडं बघतच राहिली. माझं सोंगही तसंच होतं. पाठीवर दोन लाकडी जाळ्या पट्ट्यांनी आवळलेल्या, मधे टिपकागदांची चळत, हातात लहानशी पत्र्याची ट्रंक.

"काय इकता?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही. एक फूल न्यायला आलोय."

"कुठनं?"

"पुण्याहून."

म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पुन्यातली फुलं सरली म्हनं." बस हसत हसत कळंबकडं निघून गेली.

मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या पुण्यातल्या मंडळींना तो भाग अजून परक्या मुलखासारखा वाटे. मला तर पुणंही परकंच. मी कुडाळकडचा. येरमाळ्याकडं न गेलेल्यांसाठी चार गोष्टी लिहाव्या म्हणून हे लिहितो आहे, पण मी शिकलेला माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो. पाचवीत शाळा सुटली. पुण्यात खानावळीत ताटं मांडत होतो. तिथं जेवायला येणाऱ्या लिमये सरांनी माझ्या हातची पत्रावळ लावण्याची पद्धत पाहिली आणि मला कॉलेजात आपल्या वनस्पतिसंग्रहात नेलं. तेव्हापासून मी टिपकागदांत घालून जाळ्यांमधे दाबून वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर चिकटवतो. नोकरी कच्ची. दरसाल सरांच्या शब्दावर पुढं चालू राहते. गावी आई आहे, ती त्या शब्दावर जेवते.

पुण्यात काय झालं होतं

येरमाळ्याला का गेलो हे कळायला एक वर्ष मागं जावं लागेल.

येरमाळ्याच्या शाळेतले स्वामी मास्तर सरांना अधूनमधून गवतं पाठवत. सरांचा खरा विषय गवतं. मागच्या आषाढात त्यांच्या पार्सलातून दोन निराळ्याच वनस्पती आल्या. एक चार बोटं उंच, टोकाला पांढुरकं फूल. दुसरी दीड वीत उंच, टोकाला शेंगेसारखं फळ. दोन्हींना पान नाही. हिरवा रंग औषधालाही नाही.

पार्सल उघडलं मी. दोन्हींच्या तळाशी बोटाएवढे गाठाळ, काळपट गड्डे होते आणि त्यांना कुजक्या पाल्यात गुंतलेले बारीक पांढरे दोरे. आम्हा चिकटवणाऱ्यांना दोन गोष्टींची धास्ती असते. एक बुरशीची, ती एका कागदाला लागली की अख्खं कपाट खाते. दुसरी फुगवट्याची, चळतीत एक कागद फुगला की वरचे घसरतात आणि वाळलेली पानं मोडतात. म्हणून जाड मूळ आलं की आम्ही ते मागून तासतो. मला वाटलं, टपालात ओल लागून बुरशी धरली. ब्लेडनं दोन्ही गड्डे कापले, केरात टाकले, आणि कागद कसे अगदी सपाट झाले म्हणून खूष झालो.

दोन दिवसांनी सर भिंग घेऊन बसले ते उठेचनात. "अरे, ही आमरी आहे," म्हणाले. आमरी म्हणजे ऑर्किड. आमच्या कोकणात ती झाडांच्या फांद्यांवर बसते. ही जमिनीतली. "पान नाही, हिरवेपणा नाही, मग ही खाते काय? जमिनीतली बुरशी कुजक्या पाल्यातून अन्न काढते आणि ही त्या बुरशीकडून घेते. हिचं सगळं घरदार खाली, गड्ड्यात. गड्डे कुठं आहेत?"

मी म्हणालो, "आले तसेच लावलेत, सर."

सरांनी त्याच दिवशी मास्तरांना पत्र लिहिलं की आपण शिक्षक असून असं निष्काळजीपणे उपटून पाठवणं बरं नव्हे. पाकीट चिकटवलं मी. पेटीत टाकलं मी.

पुढं सरांनी ग्रंथ चाळून ठरवलं की बुटकी आमरी पुस्तकात सापडते, उंच मात्र कुठल्याच वर्णनात बसत नाही. नवी जात! तिला बालाघाटाच्या डोंगरांवरून नाव द्यायचं त्यांच्या मनात होतं. लेख लिहून झाला, पण उंच जातीचं फूल पाहिल्याशिवाय तो पुरा होईना. सरांना दम्यानं प्रवास झेपत नव्हता. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. "तू जा. उंच जातीचं फूल आण, आणि दोन्हींचे गड्डे मुळासकट आण. तुझ्यावर माझा भरवसा आहे."



मास्तरांच्या घरी

कुर्डुवाडीपासून लहान गाडीनं येडशी, तिथून एस.टी. हा प्रवास सांगण्यासारखा नाही. काळी रानं, तांबडे माळ आणि मधेच टेकड्या. आमच्याकडं डोंगर झाडीत लपतात, इथले उघडे बसलेले असतात.

स्वामी मास्तर पन्नाशीचे, निजामाच्या वेळी उर्दूत शिकलेले. गळ्यात लिंग. पूजा झाल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही, म्हणून मीही आंघोळ करून भुकेला बसून राहिलो. मग चुलीवरून थेट ताटात आली ज्वारीची भाकरी, चुक्याची आंबट भाजी, शेंगांची चटणी. तांदळावर वाढलेल्या माझ्या बोटांना भाकरी मोडता येईना. मास्तरांच्या पत्नी, त्यांना मी काकू म्हणू लागलो, दारामागून म्हणाल्या, "दुदात कुस्करून द्यावी का त्यांला? दात न्हाई आल्यावानी खायलेत."

दुसरी एक अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. आईनं पाठवलेली मूठभर सुकट ट्रंकेत राहून गेली होती. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. आणि हे घर असं की कांद्याचाही विटाळ व्हावा असं स्वच्छ. संध्याकाळी काकूंनी नाक ओढलं. "कशाचा वास येतोय हो?"

"टिपकागदांचा," मी म्हणालो. "औषध लावलेलं असतं."

जेवण झाल्यावर मास्तरांनी फळीवरच्या पंचांगातून एक पाकीट काढलं. मी ते लांबूनच ओळखलं.

"साहेबांचं खत आलं होतं," ते म्हणाले. "मी तर खुरप्यानं खणून काढले होते हो. कोपरभर खोल. गड्ड्यांना ओला पाला गुंडाळून दिला. टपालात मोडले असतील. खैर." पाकीट परत पंचांगात गेलं. "पण आता तुम्ही आलात, आता बिलकूल दुरुस्त होईल. इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, आपल्या डोंगराचं नाव विलायतच्या ग्रंथात छापून येणार म्हणून. पोरं शाळेत रोज विचारतात, आलं का नाव?"

मी मान हलवली. त्यांची भाकरी अजून माझ्या पोटात होती.

वेळूचं बेट

गावाच्या मागं ओढा टेकडीत शिरतो तिथं वेळूचं बेट आहे. बाहेर ऊन लखलखत असताना आत दिवेलागणीला असतो तसा अंधार, पायाखाली पाल्याचा गादीसारखा थर. पावसाच्या दोन-तीन सरी होऊन गेल्या होत्या, त्यामुळं वास ओला.

तिथं सोजरबाई बसलेली होती. जातीनं बुरूड, साठीची, कपाळभर कुंकू. या दिवसांत वेळूला नवे कोंब फुटतात म्हणून तो तोडत नाहीत. ती मागच्या तोडीच्या कामट्या घेऊन टोपली विणत होती आणि मधून मधून कोंबांवर येणाऱ्या शेळ्या हाकलत होती. मी वाकून वाकून तासभर फिरलो तोवर ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, "काय हुडकतोस रं लेकरा?"

"फूल, मावशी. बिनपानाचं."

"मंग पाय उचल. त्येच्यावरच हुबा हायस."

खरंच होतं. मी घाईनं मागं सरलो तो दुसऱ्यावर. पाल्यातून चार चार बोटांचे तपकिरी कोंब वर आले होते, टोकाला घंटेसारखं पांढरट फूल, आत पिवळा ठिपका. एकदा डोळा बसल्यावर जिकडं तिकडं तीच दिसू लागली. पण सगळी बुटकी.

"ही नाही मावशी. दुसरी असते, दीड वीत उंच. ती फुललेली पाहिजे मला."

सोजरबाईनं टोपली मांडीवरून खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून हसली. "उंच झाल्यावर कुठलं फूल? दाढी आलेल्याचं बाळसं हुडकतोस व्हय? आदी फुलतंय, फूल गळतंय, मंग देठ वाढतोय. बी लांब उडाया पायजे न्हवं?"

"नाही, त्या दोन निराळ्या जाती आहेत. आमच्या सरांनी लिहिलंय तसं."

"तुज्या सरानं या बेटात किती पावसाळं काडलं?"

"ते आलेच नाहीत इथं."

"म्या चाळीस काडलं," म्हणून तिनं टोपली परत उचलली.

बाई म्हणते ते खरं असेल तर नवी जात नाहीच. बालाघाटाचं नाव नाही. आणि गड्डे जागेवर असते तर दोन्हींचा गड्डा एकसारखा आहे हे सरांना तेव्हाच दिसलं असतं. मी मनाशी म्हणालो, अडाणी बाई आहे, हिला काय कळतंय. मग मलाच लाज वाटली. मी तरी कोण?

तिनं माझ्याकडं पाहिलं असावं. एक कामटी सोलून पुढं केली. "भांडन कशाला? आज फुललेल्याच्या शेजारी ही रोव. रोज सकाळी येऊन देठाच्या उंचीवर खाच पाड. आमी टोपलीचं माप असंच घेतो."

मी पाच फुलांशेजारी पाच कामट्या रोवल्या.

जावई

सरांनी चार दिवस सांगितले होते, मी नऊ राहिलो. पहिल्या दिवसाची फुलं दुपारीच मान टाकून बसली. दुसऱ्या दिवशी खाच पाडायला जागाच नव्हती, देठ होता तेवढाच. नवी जात टिकली म्हणून मी उगाच खूष झालो आणि बाई चुकली म्हणून उगाच वाईटही वाटलं.

वेळ जायचा म्हणून मी सोजरबाईला सरांची गोष्ट सांगितली, की हे झाड स्वतः काही रांधत नाही, बुरशी रांधते आणि हे जेवतं.

"म्हंजी जावई की ह्यो!" ती म्हणाली. त्यानंतर रोज सकाळी दुरूनच विचारायची, "जावई किती वाडला?"

चौथ्या दिवशी तीन फुलांचा देठ खाचेच्या वर बोटभर गेला होता. पाचव्या दिवशी आणखी दोन बोटं. एक कामटी मात्र आडवी पडलेली आणि शेजारी काहीच नाही. शेळीनं फूल खाल्लं होतं. "जावयाला सासूनं खाल्लं," सोजरबाई म्हणाली. सातव्या दिवशी उरलेल्यांतल्या एकाचा देठ वीतभर झाला, टोकाला फळ धरलं, आणि ते फळ मी ओळखत होतो. मीच चिकटवलेलं होतं ते. त्याच गड्ड्यातून दुसरा एक कोंब त्या सकाळीच फुलला होता. बुटका आणि उंच, एकाच बुडाला.

मी खुरप्यानं खणलं. कोपरभर खाली तो काळपट गड्डा लागला आणि त्याला गुंतलेले तेच पांढरे दोरे. टपालातली ओल नव्हती ती. ज्याच्यावर हे झाड जगतं तेच मी कापून केरात टाकलं होतं.

रविवार होता. मास्तर धोतराचा सोगा धरून ओढा ओलांडत आले. माझ्या हातातला गड्डा पाहून लहान पोरासारखे हरखले. "हाच! हाच पाठवला होता मी. असाच, दोऱ्यांसकट!"

"मास्तर," मी म्हणालो, "तो पोचला होता."

"म्हणजे?"

"दोन्ही नीट पोचले होते. टपालात काही मोडलं नाही. मी कापले. बुरशी लागली असं वाटलं मला. सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

"आणि ते खत?"

"मीच पेटीत टाकलं."

"त्यात काय लिहिलंय हे ठाऊक होतं?"

"होय."

ते वळून ओढ्याकडं तोंड करून उभे राहिले. एवढा शांत माणूस, पण मान लाल झालेली. "अकरा महिने," ते म्हणाले, "अकरा महिने मी शर्मिंदा होतो. एक झुडूप धड उपटता येत नाही म्हणून. तुम्ही माझ्या घरी जेवलात हो."

कामटीचा आवाज थांबला होता. मग सोजरबाई म्हणाली, "मास्तर, त्येनं कापलं, चुकलं. पर आता सांगतोय न्हवं? कोन बघाय आलं होतं? सांगितलं नसतं तर गेला असता की गुमान पुन्याला."

"अजून एक आहे," मी म्हणालो, कारण आता थांबवत नव्हतं. "उंच आणि बुटकी एकच निघाली. नवी जात नाही. डोंगराचं नाव येणार नाही."

हे त्यांना पहिल्यापेक्षा जास्त लागलं. मी कामट्या दाखवल्या, खाचा दाखवल्या, एका बुडाचे दोन कोंब दाखवले. मास्तर उकिडवे बसले, चष्मा पुसला, एक एक खाच बोटानं चाचपली. शाळामास्तरच ते, हिशेब बरोबर आला की नाकारता येत नाही.

"पोरांना काय सांगू?" ते म्हणाले. मग स्वतःशीच, "सांगीन. दोन नव्हत्या, एकच होती, मोजून पाहिली. पोरांनाही इथं आणून खाचा मोजायला लावीन." उठता उठता माझ्याकडं न पाहता म्हणाले, "आणखी काही लपवलंय?"

"ट्रंकेत सुकट आहे."

मास्तरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "ते पहिल्याच दिवशी समजलं. तुमच्या काकूंनी ट्रंक गोठ्यात हलवलीय ती कशासाठी? म्हैस दोन दिवस आत जात नव्हती."

सोजरबाई इतकी हसली की शेळ्या पळाल्या.

निघताना काकूंनी धपाटे बांधून दिले. मास्तर मात्र बसपर्यंत आले नाहीत. सोजरबाई आली. वीतभर वाढलेल्या देठाची कामटी तिनं माझ्या हातात दिली. "सराला दाव. म्हनावं, सोजरीनं माप धाडलंय."

परत

येताना गाडीत मी जाळ्या मांडीवर घेऊन बसलो होतो. सरांना सांगायची वाक्यं सारखी जुळवत होतो आणि ती सारखी विसरत होतो.

सरांच्या टेबलावर लेखाचं बाड छापखान्यात जायला बांधून ठेवलेलं होतं. मी आधी गड्ड्यांचं सांगितलं, मग कामटी पुढं ठेवली. सरांनी भिंग घेतलं. दुपार झाली, घंटा झाली, तरी ते वाकलेलेच. मग त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि बाडातली दहा-बारा पानं एकापाठोपाठ एक तिरपी रेघ मारत संपवली. सरांनी आयुष्यभर गवतं पाहिली, पण नवी जात त्यांच्या नावावर एकही नाही हे मला ठाऊक होतं. पेन्सिलीचं टोक मोडलं. मी दुसरी टोकदार करून दिली. ती त्यांनी घेतली.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोजच्या वेळी येत होतो, टिपकागद बदलत होतो, आणि आईला काय लिहायचं याचा विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "कागद घे. मास्तरांना पत्र लिहायचंय."

"सांगा, सर."

"मी सांगणार नाही. तुझं तू लिही. खाली मी माझं लिहीन. ते पहिलं पत्र माझ्याच सहीनं गेलं होतं."

मला दोन तास लागले. सरांनी त्याखाली चार ओळी लिहिल्या, त्या मी वाचल्या नाहीत. या खेपेला पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं.

लेख छापून आला तो दोन पानांचा. नवी जात नाही. जुन्याच बिनपानाच्या आमरीचं वर्णन, फूल गळल्यावर देठ कसा रोज वाढतो त्याची खाचांवरून केलेली मापं, आणि ठिकाण: येरमाळा, ओढ्याकाठचं वेळूचं बेट. त्याची एक प्रत आम्ही मास्तरांना पाठवली. उलट टपाली कार्ड आलं. त्यात एवढंच होतं की ठिकाणाचं नाव पोरांनी फळ्यावर लिहून घेतलं, सोजरबाईला वाचून दाखवलं, आणि तुमच्या काकू विचारतात की पुन्हा येणार असाल तर ट्रंक कुठं ठेवायची.

ती आमरी मी एका कागदावर लावली. जमिनीतला भाग धरून देठ कागदाहून उंच, म्हणून दोनदा दुमडून घेतला. शेजारी सोजरबाईची कामटी दोऱ्यानं शिवली. गड्डा तसाच ठेवला, पाल्यासकट, दोऱ्यांसकट. कागद भाकरीच्या पोटासारखा फुगला. सरांनी त्यावर बोट ठेवून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कपाट उघडून दिलं.

त्या खणातली चळत अजून एका बाजूला कलते. संग्रहात कुणी नवा चिकटवणारा आला की आठवड्याभरात ब्लेड घेऊन माझ्याकडं येतोच: हे एवढं मागून तासू का? वरचे कागद सारखे घसरतात.

मी म्हणतो, घसरले की सांग. दोघं मिळून परत लावू.